ओल्या पानाचे रोग, कोरड्या पानाचे रोग

जयपूरच्या चारदीवारीत चांदी की टकसालजवळ सकाळी फूलमंडी भरते. झेंडूचे ढीग, देशी गुलाबाची पोती, थंडीत शेवंती. गोविंददेवजींच्या शृंगारापासून लग्नाच्या मांडवापर्यंत पुष्कळ फुलं इथूनच जातात. या बाजारात एक गोष्ट मात्र जवळजवळ दिसत नाही, ती म्हणजे पान. झेंडू मानेशी खुडलेला असतो, गुलाब नुसत्या फुलांचा. शेतात त्या झाडाची खालची पानं करपली होती का, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. ज्याच्या घरी कुंडीत झाड आहे त्याचं तसं नाही. फूल चार दिवसांचं, पान वर्षभर समोर. आणि बागेतल्या फुलझाडाचं दुखणं बहुतेक वेळा आधी पानावरच उमटतं.

चारदीवारी म्हणजे १७२७ साली सवाई जयसिंहांनी वसवलेलं, विद्याधर भट्टाचार्यांनी आखलेलं आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं जुनं शहर. भिंतीच्या आत जयनिवास उद्यान सोडलं तर मोकळी माती थोडी. घरगुती बाग असते ती हवेलीच्या चौकात नाहीतर छतावर, कुंड्यांत. पेटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, कॅलेंडुला, झिनिया, हॉलिहॉक, गुलाब, शेवंती, मोगरा ही यादी पुण्या-नाशिकच्या गच्चीपेक्षा फारशी वेगळी नाही. रोगही तेच. वेगळं आहे ते हवामान. महाराष्ट्रात जे रोग एकमेकांत मिसळून येतात ते इथे ऋतूप्रमाणे सुटे सुटे दिसतात, म्हणून हा प्रश्न समजून घ्यायला जयपूर सोयीचं.

पानावरच्या बुरशींची नावं शेकड्यांनी आहेत. घरच्या बागेपुरती पहिली विभागणी मात्र एकच करावी: रुजायला पानावर पाणी लागणाऱ्या बुरशी, आणि पानावरचं पाणी न सोसणाऱ्या बुरशी. हे एकदा नीट कळलं की अर्धी औषधं दुकानातच राहतात.

पहिल्या गटाचा नमुना म्हणजे गुलाबावरचे काळे ठिपके. डिप्लोकार्पॉन रोझी ही ती बुरशी. ठिपका गोलसर, काळा, बोटाच्या पेराहून लहान. त्याची ओळख कडेवरून पटते. कड कापल्यासारखी स्वच्छ नसते, शाई टीपकागदावर पसरावी तशी केसाळ, फाटकी असते. ठिपक्याभोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. सुरुवात खालच्या पानांपासून होते, कारण बीजाणू पाण्याच्या शिंतोड्याबरोबर खालून वर उडतात. या बुरशीला पान सलग सुमारे सात तास ओलं मिळावं लागतं. सहाव्या तासाला पान वाळलं तर बीजाणू तिथेच फुकट जातो. लागण झाल्यावर ठिपका दिसायला तीन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणजे आज दिसलेला ठिपका कुठल्यातरी मागच्या भिजलेल्या रात्रीचा असतो. तो दिसल्यावर घाईने फवारलेलं औषध त्या पानाला वाचवत नाही, फार तर वरच्या कोवळ्या पानांना वाचवतं. पुष्कळांची औषधावरची नाराजी या हिशोबाच्या चुकीतून येते.

दुसऱ्या गटाचा नमुना म्हणजे भुरी. राजस्थानातले शेतकरी तिला छाछ्या म्हणतात. गुलाबावर पोडोस्फेरा पॅनोसा, झिनिया-डेलियावर तिचे दुसरे भाईबंद. पानावर पिठासारखा पांढरा थर, कोवळी पानं वळलेली, जांभळट, कळीच्या देठावरही पीठ. ही बुरशी पानाच्या आत घर करत नाही. वर पसरते आणि वरच्या पेशींत शोषकं घालून रस पिते. तिच्या बीजाणूत स्वतःपुरतं पाणी असतं, त्यामुळे रुजायला तिला दव लागत नाही. रात्री हवा दमट, दिवसा कोरडी आणि उबदार, तापमान वीस ते सत्तावीसच्या आसपास, थोडी सावली आणि कोंदट जागा एवढं तिला पुरतं. उलट पानावर पाण्याचा थर राहिला तर तिचे बीजाणू रुजायचे थांबतात, पुष्कळसे मरतात. हवामान तिच्या मनासारखं असेल तर बीजाणू पडल्यापासून नवे बीजाणू तयार व्हायला आठवडाही लागत नाही.

आता या दोघी शेजारी ठेवून पाहा. भुरी आलेल्या गुलाबाची पानं सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुणं हा खरा, जुना आणि फुकटचा उपाय आहे. तोच उपाय काळे ठिपके असलेल्या गुलाबावर केला तर आपण रोग खालच्या पानांवरून वरच्या पानांवर स्वतःच्या हाताने नेतो. ‘झाडाला बुरशी लागली, काय करू?’ या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणती, हे आधी सांगावं लागतं. बागकामावरच्या लेखांत आणि व्हॉट्सअॅपच्या गटांत ‘सर्व बुरशीजन्य रोगांवर’ म्हणून जे फिरतं ते इथेच चुकतं.

जयपुरात वर्षाला साधारण सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरात. रत्नागिरीला एवढा पाऊस जुलैच्या तीन आठवड्यांत होऊन जातो. त्यामुळे वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या या शहरात बुरशी कसली, असं बाहेरच्याला वाटतं. खरी गोष्ट अशी की श्रावण-भाद्रपदात ओल्या गटाचे रोग येतात: गुलाबाचे काळे ठिपके, मोगऱ्याच्या पानांवरचे तपकिरी डाग, झेंडूचा करपा. पाऊस ओसरला की ते मागे पडतात. मग डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि दव त्यांना थोडा दुसरा डाव देतात. जानेवारीच्या अखेरपासून होळीपर्यंत भुरीचं राज्य: दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि हंगामी फुलझाडं याच वेळी ऐन भरात. एप्रिलमध्ये पारा चढला की भुरीही थांबते. मे-जूनच्या चाळीस-बेचाळीस अंशांत पानावरची कुठलीही बुरशी फारसं काही करू शकत नाही. तेव्हा पान बिघडलं तर बुरशीनाशकाकडे हात नेऊ नये, कारण दुसरं सापडेल.

कोल्हापूर-महाबळेश्वराकडे ओला हंगाम चार महिने सलग चालतो आणि काळे ठिपके गुलाब अक्षरशः उघडा करून टाकतात. पुण्यात दोन्ही गट एकाच झाडावर एकाच वेळी सापडतात, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मावळात तळेगावच्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबांचं दुखणं तिसरंच असतं, त्याच्याकडे पुढे येऊ.

चारदीवारीत ऋतूइतकीच जागाही महत्त्वाची. छत आकाशाला उघडं असतं. थंडीच्या निरभ्र रात्री पान आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही गार होतं आणि त्यावर दव धरतं. हवेलीच्या चौकात चार भिंती आकाश झाकतात, दव कमी पडतं, पण वारा नसतो, ऊन तासाभराचं आणि रात्रीची दमट हवा तिथेच साचून राहते. म्हणून एकाच घरात छतावरच्या गुलाबाला ठिपके आणि चौकातल्या गुलाबाला भुरी असं होऊ शकतं. त्यात माकडं. चारदीवारीतली माकडं कुंडी शिल्लक ठेवतील तर शपथ, म्हणून लोक झाडं जाळीच्या आड, भिंतीला लावून, दाटीने ठेवतात. पानाला पान टेकलं की वाळायला वेळ लागतो. वर मकरसंक्रांत येते. पतंगांसाठी छत मोकळं करायचं म्हणून सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात लोटल्या जातात, तेही नेमक्या दवाच्या दिवसांत. पतंग उडवू नका असं जयपुरात कोणाला सांगणार? कुंड्या दुसऱ्या दिवशी परत पांगवाव्यात, एवढं सांगता येतं.

रोग ओळखण्यातली सगळ्यात मोठी अडचण बुरशी नसलेल्या गोष्टींची असते. पांढरं दिसलं म्हणजे भुरी असं नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी पानांवर मारलं की ते वाळून पांढरे वळ राहतात. ते पानाच्या टोकाशी आणि कडेला, थेंब जिथे थांबला तिथे जमतात, आणि बोटाला खरखरीत लागतात. चारदीवारीत खजानेवालों का रास्ता आहे, जिथे संगमरवराच्या मूर्ती घडवतात. तिथल्या एखाद्या छतावरच्या पानावर पांढरं दिसलं तर बुरशीचा विचार करायच्या आधी छिन्नीचा करावा. भुरीचं पीठ बोटाने पुसलं जातं, पण खाली पानाचा रंग उतरलेला असतो आणि तीन-चार दिवसांत थर परत येतो. धूळ परत यायला कारागीर लागतो. कापसासारखा, पेरात दडलेला पांढरा गोळा पिठ्या ढेकणाचा. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत.

काळं दिसलं तर पुसून पाहावं. पुसून निघालं तर ती काजळी, म्हणजे मावा किंवा पिठ्या ढेकणाच्या चिकट गोड स्रावावर वाढलेली बुरशी. ती पानाला रोग देत नाही, प्रकाश अडवते. तिचं औषध म्हणजे माव्याचं औषध. न पुसला जाणारा ठिपका खरा. तपकिरी-पितळी छटेने पान निस्तेज झालं, जवळून बारीक बारीक टिंबं दिसली, खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असले, तर तो लाल कोळी. एप्रिल ते जून जयपुरात हाच असतो, आणि हटकून तांबेरा समजून त्यावर औषध मारलं जातं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. क्षारयुक्त पाण्याने कुंडीतली माती विम्ल झाली की लोह असूनही मुळांना मिळत नाही. फक्त कडा आणि टोकं करपली असतील तर ऊन किंवा मीठ. बुरशीचा डाग असा शिस्तीत कडेने चालत नाही, तो कुठेही उमटतो, वाढतो, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जातो.

पिवळसर रंगाचे छोटे चपळ ढालकिडे भुरीच्या पानांवर फिरताना दिसले तर त्यांना मारू नये. भारतात इलेईस जातीचे हे किडे आणि त्यांच्या अळ्या चक्क भुरी खातात. ते रोग पुरता संपवत नाहीत, पण आपल्या बाजूचे आहेत एवढं नक्की.

आता झाडागणिक. झेंडूचा खरा शत्रू अल्टरनेरिया. पानांवर तपकिरी-जांभळट ठिपके, भिंगाखाली त्यांत वर्तुळात वर्तुळं, मग पाकळ्यांवर तपकिरी डाग आणि शेवटी फूलच करपतं. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या उशिराच्या पावसात, म्हणजे ऐन दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर तो येतो, म्हणून झेंडूवाल्या शेतकऱ्याला त्याची धास्ती. झिनियाची अल्टरनेरिया बियाण्यातूनही येते. घरचं बी धरताना डाग पडलेल्या फुलाचं बी धरू नये, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

शेवंतीवर सेप्टोरियाचे काळपट ठिपके खालून वर चढतात. राजस्थान विद्यापीठाच्या रोपवाटिकेत डिसेंबरात गुलदाउदीचं, म्हणजे शेवंतीचं, प्रदर्शन आणि विक्री होते आणि जयपूरकर कुंड्या घेऊन घरी परततात. कुंडी निवडताना सगळे फूल बघतात. वाकून खालची चार पानं बघणारा विरळा. ती पानं काळी असतील तर ती शेवंती फुलेल, दिसेल, आणि पुढच्या वर्षी तिच्या मुनव्यांबरोबर रोगही लावला जाईल.

हॉलिहॉकचा तांबेरा वेगळाच गडी. पुक्सिनिया मालव्हासिएरम ही बुरशी मुळची चिलीची. १८७० च्या आसपास ती युरोपात पोचली आणि काही वर्षांत जगभरच्या हॉलिहॉकवर पसरली. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यासारखं तिला दुसऱ्या जातीचं झाड लागत नाही, सगळं आयुष्य ती हॉलिहॉक आणि त्याच्या भाईबंदांवर काढते. पानाच्या वरच्या अंगाला पिवळे-नारिंगी डाग, खालच्या अंगाला तपकिरी फोड. झाड एकदा भरलं की उपाय जवळजवळ नाही. झाड फुलून झाल्यावर मुळासकट काढून टाकणं, दरवर्षी नव्या जागी नवं पेरणं, आणि जुन्या बुंध्यातून फुटलेल्या पानांचा मोह सोडणं, एवढंच हाती आहे.

महाराष्ट्रात तांबेरा पाहायचा तर पांढऱ्या चाफ्यावर पाहावा. पावसाळ्याच्या शेवटी पान उलटं केलं की खाली नारिंगी पूड असते. कोलियोस्पोरियम प्लुमेरी नावाची ही बुरशी चाफ्याच्याच मूळ मुलखातून, अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातून जगभर गेली. पाहून लोक घाबरतात. खरं तर चाफा थंडीत पानं गाळणारच असतो. आजारी पानं थोडी आधी गळतात, फांद्या ठणठणीत राहतात, वैशाखात फुलंही येतात. मोठ्या चाफ्यावर औषध मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गळलेली पानं झाडून काढावीत, झालं.

मावळातल्या पॉलिहाऊसचं तिसरं दुखणं म्हणजे केवडा. गुलाबावर तो पेरोनोस्पोरा स्पार्सामुळे येतो. पानांवर शिरांनी बांधलेले जांभळट-तपकिरी कोनदार डाग, मग पानगळ. गार दमट रात्री, प्लास्टिकच्या छतावरून ठिबकणारं बाष्प ही त्याची आवडती परिस्थिती. शास्त्रज्ञ आता याला खरी बुरशी मानत नाहीत. त्याचं कूळ पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचं. हा फरक पुस्तकी वाटेल, पण औषध निवडताना फार कामाचा आहे, कारण बुरशीला मारणारी पुष्कळ औषधं केवड्याला शिवतही नाहीत. चारदीवारीतल्या छतावर केवडा सहसा येत नाही. तिथलं कोरडं ऊनच त्याला परवडत नाही.

मग करायचं काय? पहिला उपाय घड्याळ. पाणी सकाळी घालावं, बुडाशी घालावं, झारीचं शॉवर काढून ठेवावं. नळाला संध्याकाळी पाणी येतं म्हणून डिसेंबरात संध्याकाळी झाडं न्हाऊ घातली तर पानं दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत ओली राहतात, म्हणजे डिप्लोकार्पॉनला लागतात त्याच्या दुप्पट तास आपण देतो. पाणी भरून ठेवावं आणि सकाळी घालावं. कुंडीतल्या मातीवर सुक्या पाल्याचा पातळ थर दिला तर शिंतोडा उडत नाही.

दुसरा उपाय केर. काळे ठिपके गळलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या डागांत टिकतात, भुरी गुलाबाच्या डोळ्यांत दडून बसते. उत्तरेच्या मैदानात गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर करतात. ही छाटणी फुलांसाठी करतात असं आपण समजतो, पण पावसाळ्याचा सगळा रोगट माल झाडावरून उतरवायची वर्षातली एकमेव संधी तीच. छाटलेल्या झाडावरची जुनी पानंही खुडावीत आणि तो पाला घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये. कंपोस्टचा ढीग पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस तापला तरच बीजाणू मरतात, आणि छतावरच्या बादलीएवढा ढीग कधीच तेवढा तापत नाही. देवाच्या निर्माल्याचं खत करणाऱ्यांनी झेंडूच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावं. डागाळलेल्या फुलांचं खत झेंडूच्याच कुंडीत घालू नये.

औषधांकडे शेवटी यावं, आणि आलं तर नेमकं यावं. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कपाटात कार्बेन्डाझिमची पुडी असते आणि ती सगळ्या दुखण्यांवर चालवली जाते. अल्टरनेरियावर कार्बेन्डाझिम काम करत नाही. ती बुरशी मुळातच या औषधाला दाद देत नाही. केवड्यावरही नाही. झेंडूच्या करप्यावर मँकोझेब किंवा क्लोरोथॅलोनिल लागतं, तेही रोग येण्याआधी किंवा पहिल्या ठिपक्याला, कारण ही औषधं पानावर कवच धरतात, आत शिरत नाहीत. मँकोझेब भुरीवर जवळजवळ निरुपयोगी. भुरीवर पाण्यात मिसळणारं ८० टक्क्यांचं गंधक, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, अजूनही स्वस्त आणि भरवशाचं. शंभर-दीडशे वर्षं वापरूनही भुरीला त्याची सवय झालेली नाही, कारण ते बुरशीच्या पेशीत एकाच जागी घाव घालत नाही. फक्त पारा बत्तिसाच्या वर गेला की गंधक पानं भाजतं. जयपुरात म्हणून मार्चच्या मध्यानंतर ते बंद, आणि तेलाची फवारणी केली असेल तर दोन आठवडे आधीही नाही, नंतरही नाही. प्रोपिकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, अॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखी आंतरप्रवाही औषधं आहेत. ती हंगामात एखाद-दुसऱ्यांदा, पाळीपाळीने आणि रोग खरोखर हाताबाहेर जातोय तेव्हाच. एकच औषध सारखं मारलं की त्याला न जुमानणारी बुरशी आपणच वाढवतो.

मापाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जौहरी बाजारात रत्तीचा दहावा भाग तोलणारे तराजू आहेत आणि दोन गल्ल्या पलीकडे छतावर औषध ‘चिमूटभर’ पडतं. खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा फार महाग नाही. घ्यावा, आणि त्यावर पुन्हा हळद-तिखट मोजू नये.

मराठीतली, हिंदीतली जुनी बागकामाची पुस्तकं वापरताना सावध राहावं. त्यांत भुरीवर डिनोकॅप (दुकानात कॅराथेन म्हणून मिळायचं) आणि ट्रायडेमॉर्फ, ठिपक्यांवर बेनोमिल अशी नावं सर्रास आहेत. बेनोमिल आणि ट्रायडेमॉर्फवर केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशाने बंदी घातली, डिनोकॅपवर २०२३ च्या. पुस्तक चांगलं असलं तरी त्याचं औषधांचं पान फाडून ठेवावं असं मी म्हणेन.

मोरचूद आणि चुना मात्र अजून उभे आहेत. फ्रान्समधल्या मेदोक भागात चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा कमी आहे हे पिएर मिलार्दे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केलं. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून एकत्र करायचं आणि स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे. द्राक्षबागेला हे ठीक. पाच कुंड्यांसाठी एवढा खटाटोप कोणी करू नये, शिवाय एक टक्क्याने गुलाबाची कोवळी पानं डागाळतात. त्यापेक्षा कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच-तीन ग्रॅम, पावसाळ्याच्या तोंडाशी.

या यादीत एक नाव आपल्या पिंपरीचं आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीसपासून ऑरिओफंजिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक काढलं. १९६४ मध्ये ते जाहीर झालं आणि भातापासून द्राक्षापर्यंतच्या रोगांवर वापरलं गेलं. पेनिसिलिन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात झाडांचं औषधही शोधलं जात होतं, ही गोष्ट महाराष्ट्रातच फार जणांना माहीत नाही.

घरगुती उपायांत दूध खरं निघालं. ब्राझीलच्या वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीच्या भुरीवर पातळ केलेलं दूध परिणामकारक असल्याचं दाखवलं. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हात. फक्त भुरीवर, आणि रोग थोडा असताना. खाण्याचा सोडा भुरी रोखतो हेही कॉर्नेल विद्यापीठातल्या गुलाबांवरच्या कामातून पुढे आलं, पण जयपूरच्या कुंडीत मी तो सुचवणार नाही. बोअरच्या पाण्यातला सोडियम आधीच जास्त, त्यात आणखी कशाला? पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर ते बरं. कडुनिंबाचं तेल भुरी आणि मावा दोन्हीवर थोडंफार चालतं. ट्रायकोडर्मा मुळांच्या रोगांसाठी आहे. पानावर शिंपडून काळे ठिपके जातील ही आशा व्यर्थ. राख, दालचिनी, हळद यांचा पानावरच्या रोगावर उपयोग होतो असं मानायला मला पुरेसा आधार दिसत नाही. धूळ तेवढी वाढते.

खरी सुटका वाणात आहे, आणि तिथे भारतातल्या गुलाबप्रेमींनी थोडं दुर्लक्ष केलं आहे. पेर्ने-दुशे यांनी १९०० मध्ये ‘सोलेई दोर’ हा गुलाब बाजारात आणला. आजच्या पिवळ्या-शेंदरी गुलाबांचा हा पूर्वज इराणी पिवळ्या गुलाबापासून आला आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांपुढचा नाजूकपणाही घेऊन आला. म्हणून शंका आली तर आधी पिवळा गुलाब तपासावा. आपल्याकडे बेंजामिन पिअरी पाल यांनी तांबेऱ्याला दाद न देणारा एनपी ८०९ हा गहू काढला आणि त्याच माणसाने डझनांनी गुलाबांच्या जातीही काढल्या, १९६६ मध्ये ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. गव्हात रोगप्रतिकार हा पहिला गुण. गुलाबाच्या प्रदर्शनात पानांना गुण असतात, पण त्या सकाळच्या, निवडून पुसलेल्या पानांना. ऑगस्टमध्ये ते झाड पानांसकट उभं होतं का, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा ‘नॉक आउट’ २००० साली आला तो मुख्यतः ठिपक्यांना न बधणाऱ्या पानांच्या जोरावर खपला. रोपवाटिकेत रंग विचारतो तसा हा प्रश्नही विचारायला हरकत नाही. उत्तर बहुधा मिळणार नाही, पण विचारणारे वाढले तर मिळू लागेल.

गुलकंदाला, ठंडाईला घरचा गुलाब वापरणाऱ्यांनी आंतरप्रवाही औषध त्या झाडाला लावूच नये. ज्या झाडाचं फूल खायचं ते झाड वेगळं ठेवावं आणि त्याला धुणं, छाटणी आणि दूध यांवरच राखावं. औषधाच्या डब्यावर तिरक्या चौकोनात रंग असतो: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घराच्या छतावर लाल-पिवळ्याचं काही काम नाही. हिरव्यालाही हातमोजे आणि तोंडाला फडकं लागतंच.

रोग कळेना तर विचारायला जागा आहेत. जयपुरात दुर्गापुऱ्याची राजस्थान कृषि अनुसंधान संस्था, जी जोबनेरच्या श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाखाली येते. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग आणि पुष्पसंशोधन संचालनालय. नमुना नेताना पूर्ण मेलेलं पान नेऊ नये, त्यावर मागाहून आलेल्या दहा बुरशी असतात. अर्धं निरोगी, अर्धं डागाळलेलं पान घ्यावं, वरचं एक आणि खालचं एक. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळावं. सोबत कागदावर लिहावं: झाड कोणतं, डाग प्रथम कधी आणि कुठल्या पानावर दिसले, आत्तापर्यंत काय फवारलं, कुंडी छतावर आहे की चौकात, आणि पाणी किती वाजता घालता.